भूखी कांस मागे कधी वळते? वडोदऱ्यातल्या एका सोसायटीच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑक्टोबर २०२५

९ मार्च

आमची सोसायटी निझामपुऱ्याच्या बाजूला, भूखी कांसेपासून हाकेच्या अंतरावर. कांस म्हणजे इथला मोठा पावसाळी नाला. भूखी, रूपारेल, मासिया ही नावं बडोदेकरांना पाठ असतात. आमची कांस छाणीकडून येते आणि पुढे विश्वामित्रीला मिळते.

३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. तेव्हा पाणी का भरलं हे कोणाला विचारावं लागलं नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस मात्र पावसाचा जोर ओसरला आणि पाणी चढतच राहिलं. काळा घोडा पुलापाशी नदीची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फूट धरतात. त्या पुरात ती पस्तिशीच्या वर गेली. आमच्याकडे तळमजल्यावर पाणी आधी मोरीतून आलं, मग दारातून. "पाऊस थांबलाय, आता उतरेल," असं समजून लोकांनी गाड्या, फ्रीज, कपाटातले कागद जिथल्या तिथे ठेवले होते. त्या अंदाजामुळे जे गेलं ते पुन्हा जाऊ नये, एवढ्यासाठी हा प्रकल्प.

माणसं तीन. मी पॉलिटेक्निकात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. वरच्या मजल्यावरच्या काकांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या सर्वेत गेली. भाचा पायथन लिहितो. पैसे सोसायटीच्या फंडातून, थोडे आमचे.

२३ मार्च

काय मोजायचं हे ठरवण्यातच बराच वेळ गेला. मुंबईची पुराचा इशारा देणारी आयफ्लोज यंत्रणा २०२० च्या जूनमध्ये सुरू झाली. त्यात पावसाचा अंदाज, नद्या, नाले, भरती हे सगळं एकत्र बघतात. अमेरिकेतल्या साउथ बेंड या लाखभर वस्तीच्या शहराने ड्रेनेज लाइनमध्ये शंभराहून जास्त सेन्सर बसवले आणि त्यांच्या जोरावर झडपा उघड-बंद करून नदीत ओसंडणारं सांडपाणी कितीतरी कमी केलं. आमच्या हातात झडप नाही. कांस कुठे अडवायची, कुठे सोडायची हा आमचा अधिकारही नाही. म्हणजे आम्ही फक्त वेळेवर सांगू शकतो, आणि जे सांगायचं ते गाडी हलवणाऱ्याला, मीटर बंद करणाऱ्याला उपयोगी पडलं पाहिजे.

म्हणून मोजायच्या जागा चार: गच्चीवर पाऊस, सोसायटीजवळच्या मोरीपुलाखाली कांस, सोसायटीच्या शेवटच्या ड्रेनेज चेंबरमध्ये सांडपाणी, आणि कांस नदीला मिळते त्याच्या जवळ नदीचं पाणी.

६ एप्रिल

खरेदी. ईएसपी-३२ बोर्ड, म्हणजे सेन्सर वाचून आकडे पुढे पाठवणारा छोटा संगणक, साधारण ४५० रुपयांना एक. पाणी न शिरणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी, ३५० ला. ४-जी मोडेम हजाराच्या पुढे. रिचार्ज होणारे १८६५० सेल, छोटं सोलर पॅनेल, धूळ-पाणी न शिरणारा आयपी-६५ डबा, केबलची ग्लँड, क्लॅम्प धरून एका ठिकाणाचा खर्च साडेतीन हजारांच्या घरात. सगळ्यात महाग पर्जन्यमापक: ०.२ मिमीला एक टिचकी देणारा टिपिंग बकेट, सात हजारांना.

स्वस्तातले २-जी मोडेम मोहाने घेऊ नका. आमच्या भागात ज्या कंपनीचं नेटवर्क सगळ्यात चांगलं येतं, तिचं २-जी नाहीच.

पहिला अडथळा टेबलावरच आला. मोडेम नेटवर्क शोधायला लागला की बोर्ड रीसेट व्हायचा. प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात जवळजवळ आठवडा गेला आणि कारण निघालं वायरमध्ये. मोडेम क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. बारीक जंपर वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि बोर्ड मरतो. मोडेमला बॅटरीपासून वेगळी जाड वायर दिली, त्याच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि प्रश्न मिटला.

१३ एप्रिल

आजचा दिवस काकांचा. त्यांनी भाड्याने ऑटो लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंचीतला फरक मोजायची सर्वेची दुर्बीण आणि पट्टी, आणली. आम्ही दोघं वैतागलो होतो. सेन्सर लावायचे सोडून रस्त्यात तिवई मांडून काय उभं राहायचं! काका म्हणाले, "तुमचा सेन्सर सांगणार, पाणी माझ्या खाली एक मीटरवर आहे. पण तुमचा सेन्सर स्वतः कुठे आहे?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कांसेचा तळ, रस्ता, चेंबरचं झाकण, तळमजल्याची जोती आणि नदीजवळचा पूल हे सगळं एकाच शून्यापासून मोजलेलं नसेल, तर चार सेन्सरचे आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, लेव्हल नेली आणि परत त्याच बिंदूवर येऊन बंद केली. फरक आठ मिलिमीटर. काकांना तो जास्त वाटला, म्हणून एक टप्पा त्यांनी पुन्हा घेतला.

आणखी एक गोष्ट हाती लागली. ज्या पावसाळी गटाराला आम्ही उताराचं समजत होतो, त्याचा मधला तुकडा जवळजवळ सपाट निघाला. आराखड्यात उतार दाखवलेला आहे. आराखड्यावर मॉडेल बांधलं असतं तर ते पहिल्यापासून खोटं बोललं असतं.

२० एप्रिल

नदीजवळचा सेन्सर. वॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज दिला होता, परवानगी मिळाली. सेन्सर पुलाच्या कठड्याला बाहेरून लोखंडी हात काढून टांगला. काठावर कोणीही उतरलं नाही आणि उतरूही नये. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा काठावर अंडी घालायचा काळ. मादी घरट्याजवळ असते तेव्हा ती दिसत नाही, पण तिला तुम्ही दिसता. जे मोजायचं ते पुलावरून मोजा.

पात्रात सध्या पोकलेन चालू आहेत. नदी रुंद आणि खोल करण्याचं काम जोरात आहे. म्हणजे मागच्या वर्षी कुठल्या फुटाला काय झालं, हा हिशोब यंदा जसाच्या तसा लागू पडणार नाही. जुन्या पुराच्या खुणा भिंतीवर आहेत म्हणून त्यांच्यावर मॉडेल बसवायचा विचार होता, तो इथेच सोडला.

४ मे

कांस कोरडीठाक, नुसता मधून एक काळा ओघळ. आणि आमच्या आलेखात दर दुपारी पाणी सात सेंटिमीटर चढतंय, रात्री उतरतंय.

भाच्याला वाटलं कुठून तरी कारखान्याचं पाणी सोडतात. मी दुपारी दीड वाजता पुलावर जाऊन पट्टी टाकून बघितलं. ओघळ होता तेवढाच. सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग २५ अंशांना सेकंदाला ३४६ मीटर धरलेला. ४५ अंशांना तो ३५८ च्या आसपास जातो. प्रतिध्वनी लवकर येतो, सेन्सरला वाटतं पाणी जवळ आलं. दोन मीटरवर हा फरक जवळजवळ सात सेंटिमीटर पडतो.

मग तापमानाचा सेन्सर जोडला, तो डब्यात. आता आलेख उलटा झाला, दुपारी कांस खोल जायला लागली, कारण उन्हात डबा साठीला पोचतो आणि पुलाखालची हवा तेवढी तापलेली नसते. तापमापक डब्याबाहेर काढून पुलाच्या सावलीत लटकवला तेव्हा रेघ सरळ आली. सगळं मिळून दीडशे रुपयांचं काम, पण हे उन्हाळ्यात सापडलं म्हणून बरं. पावसात सापडलंच नसतं, आणि सात सेंटिमीटर म्हणजे आमच्या तळमजल्याच्या उंबऱ्याची उंची.

१८ मे

ड्रेनेज चेंबर. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात जीव जाऊ शकतो.

चेंबरमध्ये कोणीही उतरलं नाही. माणूस नाही, डोकं नाही, हातही कोपरापलीकडे नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकाची ताकदच जाते आणि माणसाला वाटतं वास गेला, हवा शुद्ध झाली. एक सभासद म्हणाले, "एखाद्या सफाईवाल्याला शंभर-दोनशे देऊ, तो आत जाऊन क्लॅम्प ठोकेल." मी बैठकीत स्पष्ट नाही म्हटलं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय सफाईसाठी माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

झाकण बाजूला करून भरपूर वेळ उघडं ठेवलं, भोवती दोर बांधला, आणि जी-आय पट्टीचा आडवा हात चेंबरच्या तोंडावर टेकवून सेन्सर त्याला टांगला. झाकण परत बसलं. आणि सिग्नल गेला. बीडाच्या झाकणाखालून ४-जी बाहेर येत नाही. शेवटी आत फक्त सेन्सर ठेवला, केबल पीव्हीसी नळीतून भिंतीपर्यंत आणली आणि बोर्ड, मोडेम, बॅटरी मीटर रूमच्या बाहेर वरती लावले. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं.

१ जून

चेंबरचा सेन्सर बंद पडला. वर ओढून बघितला तर कनेक्टरच्या तांब्याच्या पिना कोळशासारख्या काळ्या, नखाने खरवडलं तर पूड निघते. हाच तो वायू: तांब्याचं सल्फाइड करतो. नवीन सेन्सरची केबल सलग ठेवली, आत एकही जोड नाही, मागची सगळी बाजू इपॉक्सीने भरून टाकली. ३५० रुपये गेले, ते ठीक. पण हा बिघाड पावसाळ्यात झाला असता तर नेमका हवा तेव्हा आकडा नसता.

८ जून

मॉडेल. पाऊस पडल्यावर गटारांत, नाल्यांत पाणी कसं वाहील हे काढणारा एसडब्ल्यूएमएम हा प्रोग्राम वापरतोय. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, १९७१ पासून चालत आलेला, फुकट. आमचं जाळं लहान आहे. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत एक फेरी होते.

ज्यांना हे करायचंय त्यांनी संगणक उघडण्याआधी कागदावर एक हिशोब करावा. दहा हेक्टर वस्ती, बहुतेक सगळी सिमेंट-डांबर. ताशी ५० मिमी पाऊस पडला तर सेकंदाला जवळजवळ १२०० लिटर पाणी सुटतं. ९०० मिमीचा सिमेंटचा पाइप ५०० ला १ उताराने, अगदी स्वच्छ असला तर ८०० लिटर नेतो. त्यात तळाला एक फूट गाळ असला तर पाचशेच्याही खाली. म्हणजे चांगला पाऊस पडला की रस्त्यावर थोडा वेळ पाणी साचणारच. त्यासाठी कुणाला शिव्या द्यायला नकोत, मॉडेलही नको. मॉडेल हवं ते पुढच्या प्रश्नासाठी: हे साचलेलं पाणी तासाभरात जाणार की नाही?

कांसेचा खडबडीतपणा (आकडा जितका मोठा तितकं पाणी हळू) आम्ही सिमेंटचा ०.०१५ धरलाय. पुढे काय होतंय बघू.

१९ जून

पाऊस आला. आणि मॉडेलची पार दाणादाण.

आलेखात पाऊस पडायच्या साडेपाच तास आधीच कांस चढताना दिसली. हे मात्र लगेच ओळखलं: पर्जन्यमापकाचं घड्याळ भारतीय वेळेवर, बाकीच्यांचं सर्व्हरवर ग्रीनिचच्या वेळेवर. सगळं एका वेळेवर आणलं.

त्यानंतरही मॉडेल सांगत होतं कांस तेवीस सेंटिमीटर भरेल, आणि ती भरली फूटभराच्या वर. काका आणि मी छत्री घेऊन कांसेच्या कडेने चालत गेलो. जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, एक गादी, नारळाच्या झावळ्या. पाणी वाहत नव्हतं, वाट काढत होतं. हे ०.०१५ कसं असणार? तो आकडा त्या तुकड्यासाठी ०.०५ केला तेव्हा मोजलेली आणि काढलेली पातळी बोटभर अंतरात आली. म्हणजे ही कांस साफ झाली की मॉडेल पुन्हा बदलावं लागणार. आम्ही आता वहीत एक रकाना ठेवलाय: कांस आज कशी आहे. दर रविवारी फोटो.

२ जुलै

जोरदार सर आली, रस्त्यावर गुडघाभर पाणी. आणि ज्या क्षणी पाणी मोरीपुलाच्या छताला भिडायला आलं, त्या क्षणी सेन्सरने दाखवलं: पातळी दोन मीटर खाली, सगळं ठीक.

या सेन्सरला अगदी जवळचं दिसत नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की तो भलतेच आकडे देतो. आम्ही तो पुलाच्या खालच्या कडेला बसवला होता, म्हणजे पूर आला की आंधळा. ज्या वेळेसाठी बसवला तीच वेळ त्याच्या आवाक्याबाहेरची. तीन सेंटिमीटरपर्यंत बघू शकणारा दुसरा सेन्सर घेतला, दीड हजाराला, आणि तो कठड्याच्या उंचीवर नेला, वरून पाण्याकडे बघणारा. शिवाय प्रोग्राममध्ये अट घातली: पातळी एका वाचनात तीस सेंटिमीटरहून जास्त घसरली तर ते वाचन खोटं धरा, शेवटचं खरं वाचन ठेवा आणि आम्हाला कळवा.

पर्जन्यमापकही तपासला. गाळणीत कबुतराची पिसं आणि विष्ठा. वर तारेची टोकं उभी करून लावली आणि रोज सकाळी बाजूला ठेवलेल्या साध्या बाटलीच्या मापाशी ताडून बघायचं ठरवलं. मुसळधार पावसात टिचकीवाला मापक थोडा कमीच मोजतो. बाटली खोटं बोलत नाही.

१३ जुलै

तळमजल्यावरच्या आजींकडे गेले होते. त्या दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या, लग्न होऊन इकडे आल्या. त्यांना मोबाइलवरचा आलेख दाखवला. त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, "अगं, मला हे नको दाखवूस. न्हाणीतली मोरी गुडगुडली की मी गादी वर उचलते. अर्ध्या तासात येतंच."

घरी येऊन मागची वाचनं काढली. दोन जुलैला आजींची मोरी गुडगुडली तेव्हा शेवटच्या चेंबरमध्ये सांडपाणी पाइपाच्या माथ्याला लागलं होतं. तसंच असणार: पाइप पूर्ण भरला की आतली हवा कोंडते आणि मोरीच्या सापळ्यातल्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडते. कागदावर आपल्याकडे पावसाळी गटार वेगळं आणि ड्रेनेज वेगळं. पण पाणी साचलं की कोणीतरी ड्रेनेजचं झाकण उघडतं, आणि कित्येक गच्च्यांचे पाइपही त्यातच सोडलेले असतात. मग पावसाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनीत शिरतं आणि खालच्या घरांत उलटं येतं.

आता चेंबरमध्ये पाइपाचा माथा ही आमची पहिली इशाऱ्याची रेघ आहे. त्यासाठी मॉडेल लागत नाही. आणि आजी मोरी वाजली की मला फोन करतात. ती वेळही वहीत जाते, सेन्सरच्या वाचनाशेजारी.

२७ जुलै

या सगळ्या नोंदींतली सगळ्यात महत्त्वाची ही.

दोन दिवस वरच्या भागात पाऊस. आपल्याकडे रिमझिम. विश्वामित्री पावागढाकडून येते, आजवा आणि वरच्या तलावांचं पाणी तिला मिळतं, ते शहरात पोचायला काही तास लागतात. आमच्या मॉडेलने रात्री दहाला सांगितलं: कांस निम्मी रिकामी, काळजी नाही. साडेअकराला वॉचमनभाईंनी खालून हाक मारली, "बेन, पाणी पाछुं वळ्युं!"

टॉर्च घेऊन गेलो. पुलाखाली झावळीचा एक तुकडा नदीकडून आमच्याकडे येत होता, सावकाश, अगदी आरामात.

मॉडेलमध्ये कांसेचं शेवटचं टोक, म्हणजे आउटफॉल, आम्ही 'फ्री' ठेवलं होतं. याचा अर्थ मॉडेलच्या लेखी पाणी तिथून कड्यावरून पडावं तसं सुटतं. पुढे नदी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. नदीजवळचा सेन्सर एप्रिलपासून आकडे देत होता आणि ते नुसते साठत होते. त्या रात्रीच आउटफॉलची अट 'टाइम सीरिज', म्हणजे वेळेनुसार बदलणारी पातळी, अशी केली आणि नदीची मोजलेली पातळी त्यात ओतली. जुना सगळा जुलै पुन्हा चालवला. ज्या दिवशी मॉडेल फसलं होतं ते बहुतेक दिवस जागेवर आले.

म्हणून हे करणाऱ्याला माझं सांगणं आहे: एकाच सेन्सरचे पैसे असतील तर तो पाणी जिथे सुटतं त्या तोंडाशी लावा. आपल्या दारापाशी नको, गच्चीवरही नको. वडोदऱ्यासारख्या गावात, जिथे नदी शहराच्या मधून जाते आणि उतार थोडा, तिथे रस्त्यावरचं पाणी जाणार की नाही हे नदी ठरवते. पाऊस फक्त किती साचणार ते ठरवतो.

३ ऑगस्ट

आता दर दहा मिनिटांनी मॉडेल चार उत्तरं काढतं. पाऊस आत्ता थांबला तर आणि असाच तासभर पडला तर. नदी आहे तिथेच राहिली तर आणि ज्या वेगाने चढतेय त्याच वेगाने चढली तर. पावसाच्या अंदाजाचे आकडे आम्ही घेतलेच नाहीत. आमच्या गल्लीएवढ्या जागेसाठी ते फार ढोबळ पडतात, आणि लोकांना टक्केवारी सांगून काही हलत नाही. 'असाच तासभर पडला तर तुमच्या पार्किंगमध्ये वीतभर पाणी' हे सगळ्यांना कळतं.

काळा घोड्याची आणि आजव्याची पातळी पालिका पावसाळ्यात जाहीर करते. ती हाताने भरतो. तिथला फूट आणि आमच्या सेन्सरचा सेंटिमीटर यांचं कोष्टक काकांनी केलंय. ते इथे देत नाही. ते आमच्या पुलापुरतं, यंदाच्या पात्रापुरतं आहे. दुसऱ्याने वापरलं तर घात होईल.

१७ ऑगस्ट

इशाऱ्यांची पद्धत बदलली. सुरुवातीला दर पाच सेंटिमीटरला ग्रुपवर मेसेज जायचा. दोन-तीन पावसांत लोकांनी ग्रुप म्यूट केला, आणि त्यांचं काय चुकलं? आता दोनच इशारे. पहिला: 'गाड्या हलवा, तळमजल्याने मोरी बंद करा.' दुसरा: 'मेन स्विच बंद, खालची माणसं वर.' दुसरा इशारा मेसेजने जात नाही. तो भाचा किंवा मी दार वाजवून देतो, आणि एकट्या राहणाऱ्यांची दारं आधी.

पुरात लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात हे सगळ्यांनी बघितलंय. पण त्यासाठी रस्ता चालू असायला हवा. आमच्या गल्लीचं तोंड सगळ्यात सखल आहे. तिथे चाकाची कडी बुडाली की गाडी काढायची वेळ गेली. म्हणून पहिल्या इशाऱ्याची रेघ आम्ही घराच्या उंबऱ्यावरून ठरवली नाही, गल्लीच्या तोंडावरून ठरवली. काकांच्या लेव्हलच्या वहीत ती पातळी एप्रिलपासून लिहिलेली होती.

७ सप्टेंबर

सोसायटीच्या शेवटच्या चेंबरपाशी उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला. बसवणाऱ्याने चेंबरबाहेर खणून, उघड्या खड्ड्यात काम केलं. खर्च मजुरीसकट अठरा हजार, सेन्सरच्या एका ठिकाणाच्या खर्चाच्या पाचपट. मी तरी म्हणेन पैसे आधी यात घालावेत.

एक सावधगिरी. व्हॉल्व्ह बंद असताना आपलंही सांडपाणी बाहेर जात नाही. वरच्या मजल्यांनी आंघोळी, वॉशिंग मशीन चालू ठेवलं तर तेच पाणी तळमजल्यावर येईल, नदीचं नाही तर शेजाऱ्याचं. पहिल्या इशाऱ्यात तिसरी ओळ घातली: 'वरच्यांनी पाणी वापरू नका.' पहिल्यांदा दोन घरांनी ऐकलं नाही. आजींच्या न्हाणीचा फोटो ग्रुपवर टाकला, त्यानंतर सगळे ऐकतात.

२१ सप्टेंबर

एका पावसात सगळं ठरल्यासारखं झालं. संध्याकाळी पावणेसहाला मॉडेलने सांगितलं की नदी याच वेगाने चढली तर आठच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पाणी येईल. पहिला इशारा सहाला गेला. सातच्या आत पार्किंग रिकामं. पाणी आलं साडेआठनंतर, सांगितलं त्यापेक्षा कमी, आणि रात्री उतरलं. काही जण म्हणाले, उगाच पळापळ झाली. आजींच्या मुलाने मात्र दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं की पुढच्या वर्षी एखाद्या सेन्सरचा खर्च तो देऊ शकतो का.

मॉडेलने पाणी अर्धा तास आधी आणि थोडं जास्त सांगितलं, हा फरक आम्ही मुद्दाम दुरुस्त करत नाही आहोत. मॉडेल घाबरट असलेलं परवडतं.

१२ ऑक्टोबर

पावसाळा संपला. कांसेवरचे आणि पर्जन्यमापकाचे डबे उतरवले. नदीचा आणि चेंबरचा सेन्सर वर्षभर राहील; नदीची कोरड्या दिवसांतली पातळी आणि चेंबरची रोजची चढ-उतार पुढच्या वर्षी लागेल.

एकूण खर्च व्हॉल्व्ह धरून बेचाळीस हजारांच्या आसपास. त्यातले सहा-सात हजार जळालेले बोर्ड, सडलेले कनेक्टर आणि बदललेले सेन्सर यांत गेले.

पुढच्या मार्चपर्यंतची कामं. नदीचं पात्र बदललंय, तेव्हा काका पुलापाशी पुन्हा आडवा छेद घेणार. दोरीला वजन बांधून, पुलावरूनच. नदीजवळ दुसरा सेन्सर लावायचा, दाबावर चालणारा, कारण अल्ट्रासॉनिकवर कोळ्याने जाळं विणलं की तोही आंधळा होतो, आणि ही एक जागा अशी आहे जिथे आकडा चुकून चालणार नाही. कांसेच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या दोन सोसायट्यांनी आमच्यासारखंच लावायचं म्हटलंय. त्यांना लेव्हलचे आकडे आणि मॉडेलची फाइल दिली आहे, सेन्सर घेण्याआधी काकांबरोबर एक सकाळ रस्त्यावर उभं राहायचं या अटीवर. मीटर रूमची एक किल्ली वॉचमनभाईंकडे, एक आजींकडे.